ट्रॅक झीरो आणि आगंतुक जोशी

डॉसच्या जमान्यात कॉम्प्युटर माणसाशी ज्या भाषेत बोलायचा, त्यातल्या उद्धटपणाचा पहिला मान मी एकाच ओळीला देईन: ‘इनव्हॅलिड मीडिया ऑर ट्रॅक झीरो बॅड – डिस्क अनयूझेबल’. आपण मोठ्या आशेने फ्लॉपी आत सरकवावी, फॉरमॅटची आज्ञा द्यावी, ड्राइव्हने दोनदा खाकरावं आणि हा निकाल तोंडावर फेकावा. त्यात ‘बहुधा’ नाही, ‘असं वाटतं’ नाही, अपिलाची सोय नाही. डिस्क निकामी आहे, विषय संपला.

आता हा झीरो ट्रॅक म्हणजे फ्लॉपीच्या चकतीवरचं सर्वांत बाहेरचं वर्तुळ. बूट सेक्टर तिथेच आणि कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची खतावणीही तिथेच. बाकीच्या ट्रॅकवर कुठे खोट निघाली तर फॉरमॅट तिथे ‘बॅड सेक्टर’ अशी नोंद करून पुढे जातो. झीरोला मात्र माफी नाही. इथपर्यंत न्याय आहे. पण फॉरमॅटचं काम सुरूच झीरोपासून होतं. त्यामुळे हेडवर घाण बसलेली असो, केबल सैल असो, बॅटरी मेलेली असो, की फ्लॉपीच भलत्या जातीची असो, सगळ्यांची ठेच पहिल्याच पायरीवर लागते आणि आळ येतो झीरो ट्रॅकवर. या संदेशावर विश्वास ठेवून लोकांनी ज्या फ्लॉप्या केरात टाकल्या, त्यांतल्या बऱ्याचशा निर्दोष होत्या असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं पुन्हा उकरून काढायची वेळ माझ्यावर आली ती साडूंमुळे.

साडूंच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९९३ साली छापून निघाला. तो त्यांच्या एका काकांनी एकहाती तयार केला होता. काका बँकेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि काकू काशीयात्रेची तयारी करत असताना काकांनी ३८६ कॉम्प्युटर घेतला. त्यात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं. या कार्डामुळे डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. मग काका एकेक पोटशाखा टाइप करत गेले आणि काकू शेवटी भिशीच्या बायकांबरोबर काशीला जाऊन आल्या.

आता कुलमंडळाला दुसरी आवृत्ती काढायची होती. सहाशे पानं नव्याने टाइप करून घ्यायचा खर्च ऐकून सभा जरा गंभीर झाली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “काकांच्या कॉम्प्युटरवर सगळं असेलच की!” हे काम सभेला हजर नसलेल्या माणसाच्या गळ्यात पडणार असल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

तो माणूस मी. जुनी यंत्रं घरात आणून ठेवणारा, अशी माझी सासुरवाडीत ख्याती आहे आणि ती कौतुकाची नाही. काकांचा वाडा पाडायला काढलेला, त्यामुळे माळ्यावरचं ते मशीन सतरंजीत गुंडाळून साडू थेट रिक्षाने घेऊन आले. बायकोने चहाचं विचारायच्या आधी विचारलं, “हे परत कधी जाणार?”

मशीनच्या कपाळावर काकांच्या वळणदार अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. वर निळ्या शाईत: ‘हा. डि. – सि. ९७७, हे. ५, से. १७’. खाली लाल शाईत: ‘५ जाने. – प्रथम जोशींना शुभेच्छा. मगच काम.’

निळी ओळ माझ्या कामाची होती. लाल ओळीचा तपास साडूंनी स्वतःकडे घेतला. घराण्यातल्या सात-आठ मुली जोश्यांकडे दिलेल्या. त्यांतला कुठला जावई काकांना इतका प्रिय होता, की त्याला शुभेच्छा दिल्याशिवाय काकांनी कामाला हात लावू नये? साडूंनी फोन फिरवायला सुरुवात केली.

मशीन चालू झालं, पण बॅटरी कधीच मेलेली होती. त्या काळच्या मदरबोर्डवर लहानशा पिंपाच्या आकाराची बॅटरी सोल्डर केलेली असे. ती म्हातारी झाली की गळते आणि भोवतालचं तांबं हिरवं करून खाते. मी ती काढून टाकली. नवी बसवेपर्यंत मशीनला स्वतःबद्दल काहीच आठवत नव्हतं. आपल्याला हार्ड डिस्क आहे का, असली तर केवढी, फ्लॉपी ड्राइव्ह कुठल्या जातीचे, सगळंच साफ विसरलेलं. दर वेळी सेटअपमध्ये जाऊन काकांच्या चिठ्ठीवरचे आकडे भरायचे. आणि तारीख? डॉसचं जग ज्या दिवशी सुरू होतं तीच: १ जानेवारी १९८०, मंगळवार. मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा मंगळवार. बायकोचा मंगळवारचा उपास असतो. ती म्हणाली, “याला कायमचाच घडतोय.”

बॅटरीवरून आठवलं. ‘ड्राइव्ह फॉरमॅट करत नाही’ अशी तक्रार घेऊन जो येतो, त्याला मी आधी सेटअप बघायला सांगतो. १.४४ चा ड्राइव्ह सेटअपमध्ये ७२० म्हणून नोंदला गेला, की पुढे तुम्ही कितीही शुद्ध अंतःकरणाने फॉरमॅट करा, उत्तर झीरो ट्रॅकचंच.

आता खरी अडचण. कुलवृत्तांत हार्ड डिस्कवर होता, अगदी सुखरूप. प्रश्न तो बाहेर काढण्याचा होता. मशीनला यूएसबी नाही, नेटवर्क नाही, सीडी नाही. भाच्याने हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला लावायची सूचना केली. त्या अडॅप्टरला डिस्कशी बोलायची एलबीए नावाची नवी रीत येते. काकांची चाळीस एमबीची डिस्क त्या रीतीच्या आधी जन्मलेली. दोघं एकमेकांकडे बघत बसली. सीरियल केबल होती, पण तिला लागणारा प्रोग्रॅम मशीनमध्ये घालायलाच फ्लॉपी हवी होती. थोडक्यात, सगळे रस्ते दोन खिडक्यांशी येऊन थांबत होते: ए म्हणजे सव्वापाच इंची, १.२ एमबीचा ड्राइव्ह आणि बी म्हणजे साडेतीन इंची, १.४४ चा. माझ्या लॅपटॉपला यूएसबीवर चालणारा साडेतीन इंची ड्राइव्ह जोडता येतो. म्हणजे एक, फक्त एक साडेतीन इंची फ्लॉपी नीट फॉरमॅट झाली की काम फत्ते. हे वाक्य मी बायकोसमोर बोललो आणि ते तिने लक्षात ठेवलं.

फ्लॉपी आणायची कुठून? सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनवणं थांबवलं. जपान सरकारचे अर्जांबरोबर फ्लॉपी मागणारे हजारावर नियम होते. २०२४ मध्ये एक वगळता ते सगळे त्यांनी मोडीत काढले. हे मी घरात अभिमानाने सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “म्हणजे जपान सुटलं.”

तेव्हा मदार काकांच्या खोक्यावर. खोक्यात दोन्ही मापांच्या फ्लॉप्या होत्या आणि प्रत्येकीवर लेबल: ‘पोटशाखा ३, रत्नागिरी’, ‘दत्तक’, ‘बॅकअप’, ‘खरा बॅकअप’, ‘हा खरा बॅकअप’. यातल्या साडेतीन इंचींमधल्या काहींच्या कोपऱ्यात एक जादा भोक होतं आणि त्याच्या कडा वितळलेल्या होत्या.

ही भोकं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. साडेतीन इंची फ्लॉपीत दोन जाती: ७२० केबी आणि १.४४ एमबी. दोन्हींत बाहेरून फरक एवढाच, की १.४४ वालीला एका कोपऱ्यात जास्तीची चौकोनी खिडकी असते. ड्राइव्ह तिच्यावरूनच जात ओळखतो. १.४४ वाली महाग. मग हुशार लोकांनी स्वस्तातल्या ७२० वालीला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोक पाडायचं आणि दुप्पट माल भरायचा, असा उद्योग सुरू केला. बँकेत हयात गेलेल्या माणसाला निम्म्या दरात दुप्पट जागा मिळत असेल, तर तो हात आखडता कशाला घेईल? वाईट गोष्ट अशी, की हे जमतं. दोन्ही जातींच्या लेपात फार मोठा फरक नसल्यामुळे फॉरमॅट होतं, फाइल बसते, वाचताही येते. आणि मग काही महिन्यांनी, आपल्याला तीच फाइल तातडीने हवी असते त्या दिवशी, ते लिखाण विरलेलं असतं. सव्वापाच इंचीत अशी फसवणूक चालत नाही. तिथे ३६० केबीच्या लेपाला साधारण तीनशे ओर्स्टेडचं चुंबकीय बळ लागतं आणि १.२ च्या लेपाला सहाशे, म्हणजे थेट दुप्पट. त्यामुळे तिथे लगेच, तोंडावर, झीरो ट्रॅक.

जाता जाता एक सांगून टाकतो. १.४४ एमबी हा आकडाच मुळात लबाड आहे. दोन बाजू, ऐंशी ट्रॅक, अठरा सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट: गुणाकार १४,७४,५६०. दहा लाखांचा एमबी धरला तर १.४७ होतात, १०२४ गुणिले १०२४ चा धरला तर १.४१. एकदा हजाराचे हजार आणि एकदा हजाराचे १०२४ धरले, तरच १.४४ येतात. काकांनी हा हिशोब कॅशियरच्या खिडकीतून परत पाठवला असता.

जाती निवडून झाल्या, भोकांवर काळी टेप लावली (पारदर्शक नको; काही ड्राइव्ह उजेडाने बघतात, त्यांना ती दिसतच नाही). आता फॉरमॅट. यातही मेख आहे. काकांच्या मशीनवर डॉस ५ होता आणि डॉस ५ ला नुसतं ‘फॉरमॅट’ म्हटलं की तो फॉरमॅट करतच नाही. उद्या तुमचा विचार बदलला तर, म्हणून आधीची खतावणी जपून ठेवतो आणि वरवर झाडलोट करून ‘झालं’ म्हणतो. ट्रॅक मुळापासून आखून हवे असतील तर पुढे स्लॅश देऊन ‘यू’ लिहावं लागतं. आणि ७२० हवं असेल तर तेही वेगळं सांगावं लागतं.

मी सगळं सांगितलं. उत्तर: झीरो ट्रॅक.

अशा वेळी जगातला प्रत्येक माणूस एकच सल्ला देतो: दुसरी घालून बघ. हा सल्ला ज्याने शोधला त्याने फ्लॉपीजातीचं अपरिमित नुकसान केलं आहे. पुण्याचा पावसाळा, वाड्याचा माळा आणि तीस वर्षं म्हटल्यावर फ्लॉपीवर बुरशी येणारच. बुरशीवाली एक फ्लॉपी आत गेली की तिचा लेप खरवडून हेडवर बसतो. मग तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर नांगर फिरवतं. ती बिघडली म्हणून आपण तिसरी घालतो. अशाने खोकंच्या खोकं बाद होतं आणि आपण म्हणतो, सगळ्याच जुन्या, काय करणार! फ्लॉपी आत घालण्याआधी तिचं पत्र्याचं झाकण सरकवून उजेडात तिरकी धरून बघावी. पांढुरकी वलयं दिसली की थांबावं. साडूंना एवढा धीर नव्हता. मी फोनवर असताना ते शेजारी बसून एकेक घालतच होते.

ड्राइव्ह उघडला. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. घरात करोनाच्या काळातला सॅनिटायझर अजून कॅनभर होता, तो संपवायची ही संधी आहे असं बायकोचं म्हणणं पडलं. पण सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं. ते हाताला बरं, हेडला चिकट. मग तिने नेलपॉलिश रिमूव्हर पुढे केला. तो ॲसिटोनचा, प्लास्टिक खातो. शेवटी केमिस्टकडून शुद्ध माल आणला, वरचं हेड नखाने अलगद उचललं (जोर लावला तर त्याची स्प्रिंग कायमची रुसते), कापसाची काडी फिरवली. काडीवर गडद तपकिरी लेप आला. तो ‘पोटशाखा ३, रत्नागिरी’ होता.

हेड ज्या दांडीवरून सरकतं तिच्यावरचं ग्रीस वाळून मेणचट झालं होतं. म्हणजे हेड झीरो ट्रॅकपर्यंत पोचतच नव्हतं! ड्राइव्ह जाऊन यायचा अर्ध्या रस्त्यातून आणि वर रिपोर्ट द्यायचा, की झीरो ट्रॅक वाईट आहे. सरकारी नोकरीत मी असे रिपोर्ट वाचले आहेत.

दरम्यान बुरशीवाल्या फ्लॉप्यांचंही बघायचं होतं. ‘हा खरा बॅकअप’ सव्वापाच इंची होती आणि मला तिची उत्सुकता होती. अशा फ्लॉपीचं काळं पाकीट एका कडेने कापून आतली चकती काढायची, ऊर्ध्वपातित पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून बोटांच्या पेरांनी धुवायची, वाळवायची आणि दुसऱ्या धडक्या पाकिटात घालायची. चुंबकीय लिखाण पाण्याने जात नाही. मी पाच-सहा चकत्या मधल्या भोकातून दोरी ओवून गॅलरीत टांगल्या. पातळ, गोल, तपकिरी, वाऱ्यावर हलताहेत. शेजारच्या काकूंनी गॅलरीतूनच विचारलं, “फणसाचे पापड का हो? आम्हाला पण चार द्या.” बायकोने काय उत्तर दिलं ते मी आत असल्यामुळे ऐकू आलं नाही, पण त्या दिवसापासून काकू माझी तब्येत विचारतात.

हेड स्वच्छ, दांडीला नवं ग्रीस, फ्लॉपी निवडून घेतलेली. पडद्यावर आकडा चढायला लागला: दहा टक्के, वीस टक्के. पन्नासला साडू उभे राहिले. ‘फॉरमॅट कम्प्लीट’! साडूंनी लगेच कुलमंडळाच्या ग्रुपवर कळवूनही टाकलं. ती फ्लॉपी लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घातली. लॅपटॉप म्हणाला, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का?

म्हणजे ड्राइव्हचं अलाइनमेंट हललेलं. त्याची हेडं ट्रॅकच्या मध्यावर नाहीत, किंचित बाजूला. तो बाजूलाच लिहितो आणि बाजूलाच वाचतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं. बाहेरच्या कुणाला वाचायला दिलं की भांडं फुटतं. हे दुखणं घरी बरं होत नाही. मोजमापासाठी खास आखलेली डिस्क आणि ऑसिलोस्कोप लागतो. मी रविवारी जुन्या बाजारात गेलो.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी काय मिळणार नाही ते सांगता येत नाही. गंजलेल्या पान्यांच्या आणि एका पितळी समईच्या मध्ये साडेतीन इंची ड्राइव्ह पडला होता. विक्रेता म्हणाला, “चालू आहे साहेब, कालच काढलाय.” फ्लॉपी ड्राइव्ह काल कुठून काढला असेल, हा प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर त्याने उत्तर दिलं असतं.

तो जोडला. चौतीस तारांची ती करडी पट्टी मध्येच एके ठिकाणी सात तारांना पीळ देऊन पुढे जाते. पिळाच्या पुढचा ड्राइव्ह ए, पिळाच्या आधीचा बी. उलटी बसली तर दिवा लागतो तो विझतच नाही. ते सगळं जमलं. फॉरमॅट झालं, लॅपटॉपने वाचलं. मी दुसरी फ्लॉपी घातली आणि यादी मागितली. पडद्यावर पहिलीचीच यादी. तिसरी घातली. पहिलीचीच. रिकामी फ्लॉपी घातली, तर तिच्यावरही त्याच फाइली! साडू खूश झाले. त्यांना वाटलं फाइली आपोआप वाढताहेत.

हा प्रकार दिसतो मजेचा, पण यात माणसं उद्ध्वस्त झालेली आहेत. केबलची चौतिसावी तार फ्लॉपी बदलल्याचं मशीनला कळवते. ती मुकी झाली तर मशीनच्या लेखी आत अजून जुनीच फ्लॉपी असते. मग तुम्ही नव्या फ्लॉपीवर काही लिहिलंत, की ते जुनीची खतावणी नवीवर छापतं आणि नवीतलं सगळं बेवारस होतं. या ड्राइव्हवर टाचणीच्या डोक्याएवढा एक जंपर होता, आणि तो ‘रेडी’वर होता. म्हणजे ड्राइव्ह कुठल्यातरी वेगळ्या जातीच्या मशीनमधून आलेला. तिथे त्या तारेला दुसरं काम असणार. चिमट्याने जंपर ‘डिस्क चेंज’वर सरकवला आणि भुताटकी थांबली.

कॉपी करायच्या आधी, जुनी सवय म्हणून, मी चेकडिस्क चालवलं. हार्ड डिस्क ठणठणीत. पण खाली एकूण मेमरीचा आकडा होता ६,४९,२१६. तो ६,५५,३६० हवा. सहा केबी कमी. मी चिठ्ठीकडे बघितलं. लाल शाई. पाच जानेवारी.

नव्वदच्या दशकात भारतात ज्याने फ्लॉप्या हाताळल्या, त्याची जोशींशी कुठे ना कुठे गाठ पडलेलीच आहे. जोशी हा १९९० मध्ये भारतातच पहिल्यांदा सापडलेला व्हायरस. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून शिरायचा, हार्ड डिस्कच्या पार्टिशन सेक्टरमध्ये मुक्काम ठोकायचा आणि मेमरीतले सहा केबी स्वतःच्या बैठकीला घ्यायचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मारून मशीन पुन्हा सुरू केलं तरी हा मेमरीतून उठत नसे. उपद्रव म्हणाल तर वर्षातून एकदा. पाच जानेवारीला मशीन अडवून बसायचा: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. केलंत की सोडायचा.

काकांनी अँटिव्हायरस आणला नाही, मशीन फॉरमॅट केलं नाही, कुणाला बोलावलं नाही. पाहुणा आहे, वर्षातून एकदा मान मागतो, द्यावा. चिठ्ठी लावली आणि काम चालू ठेवलं. या माणसाबद्दल माझा आदर त्या क्षणी दुप्पट झाला.

मशीनमध्ये रोज १९८० सालचा पहिला मंगळवार असल्यामुळे जोशींचा वाढदिवस यायचा तर मशीन चार दिवस सलग चालू ठेवायला हवं होतं. मी तारीखच बदलून पाच जानेवारी केली, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं आणि बायकोला हाक मारली. पडद्यावर जोशी हजर! बायकोने चष्मा लावून संदेश वाचला, खुर्चीवर बसून एका बोटाने शुभेच्छा टाइप केल्या आणि म्हणाली, “तुमच्या त्या बॅकअपपेक्षा हे बरं टिकलं.”

ते खरंच होतं. धुऊन वाळवलेली ‘हा खरा बॅकअप’ ए ड्राइव्हला लावली, तेव्हा काकांच्या फाइलींमधले ट्रॅकच्या ट्रॅक बुरशीने खाल्लेले निघाले. बूट सेक्टरमध्ये मात्र जोशी टवटवीत. आणि यातली कमाल अशी: ३६० च्या फ्लॉपीवर चाळीस ट्रॅक असतात, शून्य ते एकोणचाळीस. जोशी आपल्या सामानासाठी चाळीस क्रमांकाचा, म्हणजे एकेचाळिसावा, ट्रॅक स्वतः फॉरमॅट करून घेतो. आम्ही दोन शिकलेली माणसं अल्कोहोल, ग्रीस आणि चिमटे घेऊन झीरो ट्रॅकपाशी डोकं आपटत होतो आणि हा गडी नकाशाबाहेरची जमीन नांगरून बसला होता.

साडूंना फोन करून सांगितलं की जोशी सापडले. ते म्हणाले, “अहो, थांबा, इंदूरच्या आत्यांच्या जावयांचा वाढदिवस पाच जानेवारीलाच निघालाय. त्यांना प्रकाशनाचं निमंत्रण पण दिलं मी. प्रमुख पाहुणे म्हणून.”

पुढचं काम झटपट झालं. मशीनमध्ये पीकेझिप होतं; सगळा कुलवृत्तांत आवळून ७२० च्या एका फ्लॉपीत बसला. लॅपटॉपवर उघडला तर पडद्यावर चौकटी, दुहेरी रेघा आणि ग्रीक अक्षरं. घाबरायचं कारण नव्हतं: जिस्टचं लिखाण इस्की पद्धतीचं असतं आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी त्या इस्कीवरच बेतलेली आहे. रूपांतर करणारा छोटासा प्रोग्रॅम भाच्याने लिहिला, आणि ग्रीक अक्षरांची पोटशाखा झाली.

मग आम्ही वाचायला बसलो. थोड्याच वेळात लक्षात आलं, की १९९३ साली छापलं गेलं ते हे नव्हे. छापलेली प्रत कुलमंडळाने तपासलेली होती. हार्ड डिस्कवर मूळ खर्डा होता. ‘मॅट्रिकला तीनदा बसले. चौथ्या वेळी शाळेने नकार दिला.’ ‘मुंबईस मोठ्या हुद्द्यावर आहेत असे ते सांगतात.’ ‘जमिनीच्या दाव्यात सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष, उभयतांचे आता बरे आहे, कारण जमीन तिसऱ्यानेच नेली.’ बायकोने स्वयंपाक बाजूला ठेवला. साडू हसत हसत पुढे वाचत गेले आणि स्वतःच्या नावाशी थबकले. जन्मतारीख, शिक्षण, नोकरी सगळं बरोबर. शेवटी: ‘स्वभाव चिकट. कुलवृत्तांताची वर्गणी येणे. स्मरणपत्रे चार.’

कुलमंडळाला छापील आवृत्तीबरहुकूम साफ केलेली प्रत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू एकटेच आले.

“ती हार्ड डिस्क तशीच ठेवून काय करणार? जुनी वस्तू. फॉरमॅट करून टाका ना.”

“करतो. पण एका फ्लॉपीवर प्रत आहे ती?”

त्यांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, “काळजी करू नका. फ्लॉपीचा अनुभव तुम्ही घेतलाच आहे.”

मग मी काळ्या पडद्यावर फॉरमॅट सी लिहिलं. सगळं पुसलं जाईल, अशी ताकीद आली. साडूंनी माझ्या खांद्यावरून हात घालून स्वतःच ‘वाय’ दाबलं. एवढी चाळीस एमबीची डिस्क, पण ना घरघर, ना अडखळणं, ना एक बॅड सेक्टर. टक्के शंभरला जाऊन सुबकपणे थांबले.

“आता आत काही नाही ना?” साडूंनी विचारलं.

“फॉरमॅट पार्टिशन सेक्टरला हात लावत नाही,” मी म्हणालो. “तुमचं अख्खं घराणं गेलं. जोशी आहेत.”